पाळीवरचे घर

२०२३ सालच्या मे महिन्यात आम्ही आमचे तळ्याकाठचे जुने घर पाडले. ते घर उभे राहिले, त्याला तीन पावसाळ्यांमधले तीन उन्हाळे लागले होते. पाडायला चार दिवस पुरले. त्या चारही दिवशी मी तेथे हजर होतो. पाडण्याच्या कामी माझा उपयोग फारसा नव्हता, आणि विरोध करण्याची वेळ निघून गेली होती. तो विरोध मी कसा केला आणि का सोडला, एवढेच आज सांगायचे आहे.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातले. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि ते खरे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजाच्या लोकांनी त्यांतले कितीतरी बांधले. दोन टेकड्यांमधली उतरती जागा पाहायची, तिच्या तोंडाशी मातीची पाळ घालायची, पाळीतून पाणी सोडण्यासाठी तुडूम ठेवायचे आणि खाली धानाची शेते भिजवायची, हे त्यांचे शास्त्र. पुढे इंग्रजी अमलात गावे मालगुजारांकडे आली, म्हणून या तलावांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. १९५१ साली मालगुजारी संपली. नाव मात्र तलावांना चिकटून राहिले.

तलावाचे पाणी कोणाच्या बांधीत केव्हा जायचे, हे पाहणारा माणूस म्हणजे पाणकर. माझे आजोबा आमच्या तलावाचे पाणकर होते. रात्री-अपरात्री तुडुमाकडे जावे लागे, म्हणून पाळीच्या एका टोकाला, जेथे ती टेकाडाला मिळते तेथे, त्यांनी प्रथम नुसती एक खोपी घातली. बांबूच्या कुडाची, वर तणसाचे छप्पर. १९३८ च्या सुमारास लग्न झाल्यावर त्यांनी त्याच जागी घर बांधायला घेतले. साहित्यासाठी त्यांना लांब जावे लागले नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाशी जो गाळ उघडा पडे, तो गाड्यांनी भरून आणायचा, त्यात धानाची तणस तुडवायची, आणि हातभर उंचीचा एकेक थर भिंतीवर चढवायचा. एक थर वाळल्यावाचून दुसरा चढवायचा नाही. म्हणून तीन उन्हाळे लागले. कवेलू गावच्या कुंभाराने त्याच मातीचे केले. फाटे सागाचे, कामट्या बांबूच्या. लोखंड म्हणाल तर दाराच्या बिजागऱ्या आणि थोडे खिळे, एवढेच.

पुढच्या पडवीत बसले की सगळा तलाव दिसे. माझे बालपण त्या पडवीत गेले. हिवाळ्यात पहाटे पाण्यावर धुके असे आणि धुक्यातून ढिवरांच्या डोंग्याचा आवाज आधी येई, डोंगा मागाहून दिसे. हे सारे मी बरोबर घेऊन भिलाईला गेलो. तेथल्या पोलाद कारखान्यात मी चौतीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर तेथेच राहिलो. गावी थोरले बंधू राहिले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आजोबांचे काम वडिलांकडे आले, वडिलांचे दादांकडे. आता पाणकराला धान्याचा वाटा मिळत नाही, पंपांमुळे पाण्याच्या पाळ्याही पूर्वीसारख्या पाळल्या जात नाहीत. तरी तुडूम उघडायचे झाले की गावाला दादांचीच आठवण होते.

२०२२ च्या दिवाळीत मी गावी गेलो, तेव्हा फराळ झाल्यावर दादा सहज म्हणाले, "या उन्हाळ्यात घर पाडतो आहे. नवे बांधायचे. स्लॅबचे."

मी गप्प राहायला हवे होते. राहिलो नाही. मातीच्या भिंती उन्हाळ्यात कशा गार असतात, आजोबांच्या हाताचे काम कसे पुन्हा होणार नाही, सिमेंटची घरे कशी भट्टीसारखी तापतात, असे बरेच काही मी बोललो. सेवाग्रामचे उदाहरणही दिले. गांधीजी १९३६ साली तेथे राहायला गेले, तेव्हा माती, बांबू आणि कवेलू यांच्याच कुट्या त्यांनी पसंत केल्या, आणि त्या आजही उभ्या आहेत, असे मी म्हणालो. मला वाटले, मुद्दा बिनतोड आहे.

दादा काही बोलले नाहीत. वहिनी आत चुलीपाशी होत्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुमच्या भिलाईच्या क्वार्टरवर कवेलू किती आहेत?"

मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी हिशेब सांगितला. रागाने नव्हे, बाजारातून आणलेल्या सामानाचा सांगावा तसा. दर वर्षी मृगाच्या आधी सगळे कवेलू उतरवून फेरायचे. फुटलेले वेगळे काढायचे, नवे घालायचे. आणि आता गावात कवेलू घडवणारा कुंभार उरला नाही. फेरून झाले की आठ दिवसांत वानरांची टोळी यायची आणि छपरावर एकदा धावून गेली की दहा ठिकाणी उजेड दिसायचा. पाऊस लागला की कोठीखोलीत परात, माजघरात बादली, खाटेच्या उशाशी पातेले. फाट्यांना वाळवी. भिंतींना दर दिवाळीला माती आणि पांढरा पोतारा, जमिनीला दर आठवड्याला सारवण. एका श्रावणात भिंतीच्या भेगेतून नाग निघाला तो पाळण्याच्या दोरीवर. "या घरात मी एकेचाळीस पावसाळे काढले," त्या म्हणाल्या. "भांडे कोठे मांडायचे ते मला अंधारातही कळते. तुम्ही चार दिवसांसाठी येता, तेही दिवाळीत. दिवाळीत कोणतेही घर चांगलेच दिसते."

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप आली नाही. सेवाग्रामच्या कुट्या उभ्या आहेत, हे खरे. पण त्या आपोआप उभ्या नाहीत. मातीचे घर म्हणजे एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. दर वर्षी कोणीतरी त्यावरून हात फिरवावा, तेव्हाच ते पुढच्या वर्षापर्यंत टिकते. सेवाग्रामला तो हात आश्रमाने ठेवला आहे. आमच्या घरी तो हात वहिनींचा होता, आणि तो आता सत्तरीला टेकला होता. मी ज्याला आजोबांचे काम म्हणत होतो, त्याच्यावर साऱ्या स्त्रियांच्या हाताचे थर चढलेले होते, आणि त्यांची गणती मी कधी केली नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी होती. ज्या कारखान्यात मी आयुष्य घालवले, तेथे सळया तयार होतात. तेथल्या झोतभट्टीची मळी दळून सिमेंटात मिसळली जाते. देशातली असंख्य घरे पक्की व्हावीत म्हणून मी चौतीस वर्षे पगार घेतला. स्वतः पक्क्या छपराखाली निजलो. फक्त माझ्या भावाचे घर तेवढे कच्चे राहावे, अशी माझी इच्छा होती.

'कच्चे' हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. सरकारी पाहणीत भिंत मातीची आणि छप्पर कवेलूचे असले की घर कच्चे ठरते. २०१६ साली ग्रामीण घरांची जी योजना सुरू झाली, तिच्यात सपाट प्रदेशातील कुटुंबाला एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान पंचवीस चौरस मीटरांचे घर असे ठरले. आमच्या गावात अशी घरकुले उभी राहिली. त्यांच्या ओट्यावर बसलेली माणसे मी पाहिली आहेत. पावसाळ्यात त्यांच्या तोंडावर जी निश्चिंती असते, तिची थट्टा करण्याचा अधिकार पक्क्या घरात राहणाऱ्याला नाही. आणि तरीही पंचाऐंशी पावसाळे उभ्या राहिलेल्या घराला कच्चे म्हणताना जीभ अडखळते, हेही खरे.

भिलाईला परतल्यावर मी थोरोचे 'वॉल्डन' पुन्हा काढले. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने ते मराठीत आणले आहे. तळ्याकाठची झोपडी म्हटले की वाचणाऱ्या माणसाला थोरोच आठवतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्डजवळ, वॉल्डन तळ्याच्या काठी, १८४५ सालच्या ४ जुलैला तो आपल्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षे दोन महिने राहिला. झोपडी दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. हा हिशेब त्याने पै-पैचा दिला आहे, आणि तरुणपणी मी तो पाठ केला होता.

या खेपेला माझे लक्ष दुसऱ्याच ठिकाणी गेले. त्या झोपडीच्या फळ्या नव्या नव्हत्या. रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची झोपडी थोरोने सव्वाचार डॉलरला विकत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ताबा. त्या वेळी कॉलिन्सचे कुटुंब त्याला रस्त्यात भेटले. त्यांचा सगळा संसार एका मोठ्या गाठोड्यात होता. मांजर तेवढे मागे राहिले, ते रानात गेले, रानटी झाले आणि पुढे एका सापळ्यात सापडून मेले. थोरोने त्याच सकाळी झोपडी मोडली, खिळे उपसले, फळ्या गाडीने तळ्याकाठी नेल्या आणि गवतावर उन्हात पसरल्या, की त्यांचा बाक निघून जावा. पुढे थोरो गेल्यावर त्या झोपडीचेही तेच झाले. ती दुसऱ्याच्या शेतावर हलवली गेली, तिच्यात धान्य भरले गेले, आणि १८६८ साली ती मोडून तिचे लाकूड इतरत्र लागले.

हे वाचून माझ्या मनातली एक गाठ सुटली. ज्या झोपडीला जग तीर्थ मानते, तीसुद्धा दुसरे घर मोडूनच झाली होती, आणि मोडूनच संपली. घर मोडणे हा काही गुन्हा नाही. प्रश्न एवढाच असतो, की मोडताना कोण रस्त्यावर येते, काय मागे राहते, आणि फळ्या कोठे जातात.

मी दादांना फोन केला. म्हणालो, "पाडा. पण मी येतो. आणि नवे घर त्याच जागेवर, त्याच तोंडाचे बांधा, एवढे माझे ऐका."

दादा हसले. म्हणाले, "ते होणार नाही."

माझ्या दुसऱ्या हट्टाचेही तसेच झाले, आणि कारण ऐकल्यावर मला पुन्हा खाली पाहावे लागले. जुने घर पाळीच्या खांद्याला टेकून होते. मातीचे घर मातीच्या पाळीवर बसले तर चालते. त्याला खोल पाया लागत नाही. स्लॅबच्या घराला खांब हवेत, खांबांना पाच-सहा फूट खड्डे हवेत. पाळीच्या खांद्यात खड्डे खणले की पावसाळ्यात पाणी वाट शोधते. प्रथम झिरपते, मग माती बरोबर नेते, आणि एके रात्री पाळ फुटते. "पाळ आपल्या बापाची नाही," दादा म्हणाले, "गावाची आहे. आजोबांना खोपी घालू दिली, ती पाळ राखण्यासाठी. तिच्यात खड्डा खणण्यासाठी नाही." म्हणून नवे घर पाळीपासून चाळीस पावले दूर, टेकाडावर घ्यायचे त्यांनी आधीच ठरवले होते. संडासाचा खड्डा त्याच्याही पलीकडे, उताराच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे त्याचे पाणी तलावाकडे येणार नाही. घराची आठवण मी जपत होतो, पण ते घर जेथे होते ती जागा कशासाठी होती, ते दादांना आठवत होते.

अखेर मला काही सुचवता आले ते एवढेच, की जुन्या घराचे जे टिकण्यासारखे आहे ते नव्यात यावे. याला दादांची ना नव्हती. वहिनींनी अट घातली, की ते छपरात नको. सागाचे फाटे तपासले. निम्म्यांना वाळवी लागली होती. उरलेल्या निम्म्यांचे लाकूड असे निघाले, की सुताराने वाकस मारला तेव्हा आतून ताजा वास आला. त्यांची पश्चिमेच्या अंगाला लांब पडवी करायचे ठरले आणि तिच्यावर जुन्यांतले चांगले कवेलू घालायचे. पश्चिमेचे ऊन भिंतीवर येणार नाही, हा तिचा उपयोग. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात आणि भिंतीवर सावली असली, तर घर राहण्यासारखे होते. पडवी फेरायची झाली तर ती एका माणसाचे एका दिवसाचे काम. वहिनींनी बोटांवर मोजून पाहिले आणि मान डोलावली.

मग ते चार दिवस आले. पहिल्या दिवशी कवेलू उतरले. जे उरले ते शेजाऱ्यांनी आपल्या गोठ्यासाठी, शेळ्यांच्या खोपीसाठी नेले. दुसऱ्या दिवशी लाकूड निघाले. तिसऱ्या दिवशी भिंतींवर पाणी मारले आणि पहारी लावल्या. तेव्हा एक गोष्ट दिसली, जी त्या घरात जन्मून मी कधी पाहिली नव्हती. भिंतीचा पोतारा सुटून मोठमोठे खवले पडू लागले, आणि प्रत्येक खवल्याच्या कडेला बारीक बारीक थर होते. एक पांढरा, एक मातकट, पुन्हा पांढरा. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वलये दिसावीत तसे. प्रत्येक पांढरी रेघ म्हणजे एक दिवाळी. वहिनींनी एक खवला उचलून घेतला, नखाने वरचे थर सोडवत गेल्या आणि एका जागी थांबून म्हणाल्या, "इथपर्यंत माझे. याच्या खालचे आत्याबाईंचे." आत्याबाई म्हणजे माझी आई. खवल्याचा तो खालचा भाग त्यांनी माझ्या हातात दिला आणि पुन्हा घमेले उचलले.

भिंतींच्या मातीचे काय करायचे, हे मला विचारावे लागले नाही. चौथ्या दिवशी गाड्या लागल्या. काही माती पाळीवर जेथे गुरांच्या पायांनी घळ पडली होती तेथे टाकून चोपली. काही दादांच्या बांधीत गेली. पंचाऐंशी वर्षांपूर्वी तलावाच्या पोटातून निघालेली माती पुन्हा तलावाच्या कामाला लागली. जागेवर काहीच उरले नाही. म्हणजे खरोखरच काही नाही. एक सपाट चौकोन, चार दिवसांत त्यावर कोंबड्या चरू लागल्या.

मी जन्मभर ज्या मालाच्या सोबत राहिलो, त्याची गोष्ट निराळी आहे. चुनखडी साडेचौदाशे अंशांच्या उष्णतेत भाजून झालेले सिमेंट एकदा पाणी पिऊन घट्ट झाले, की पुन्हा माती होत नाही. उद्या आमच्या नातवंडांनी हे नवे घर पाडायचे ठरवले, तर त्याचा ढिगारा ते कोठे टाकतील? हा प्रश्न मी दादांना विचारला नाही. ज्याच्या डोक्यावर चाळीस वर्षे पाणी गळले, त्याला हा प्रश्न विचारणे बरे दिसत नाही. तो प्रश्न माझा आहे, माझ्या कारखान्याचा आहे, आणि जे लोक पक्की घरे बांधण्याची विद्या शिकतात त्यांचा आहे. वहिनींना न गळणारे छप्पर हवे होते. न विरघळणारा ढिगारा त्यांनी मागितला नव्हता. पहिले देताना दुसरे द्यावे लागू नये, असे घर आपल्याला अजून सर्वांसाठी बांधता आलेले नाही, एवढे कबूल केले म्हणजे पुरे.

२०२४ च्या जूनला नवे घर राहण्याजोगे झाले. मी भिलाईला होतो. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन आला. तलावात पाणी किती आले, ते त्यांनी प्रथम सांगितले. मग म्हणाले, "रात्री तुझ्या वहिनी दोन वाजता उठल्या. अंधारातच परात आणि बादली घेऊन निघाल्या. माजघराच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा लक्षात आले."

"मग?" मी विचारले.

"मग काय? परात खाली ठेवली. म्हणाल्या, पाऊस पडतो आहे की थांबला, ते इथे कळतसुद्धा नाही. आणि पडवीत जाऊन बसल्या. तिथे कवेलूवर वाजत होता."

मी विचारले, पडवी गळली का?

"एका ठिकाणी," दादा म्हणाले. "तिथे त्यांनी परात मांडली आणि आत येऊन झोपल्या."